बारा वाव पाण्याखालची झाडं

बाई,

परवा वैदेही बंदरावर आली आणि म्हणाली, कॉलेजच्या अंकात तुमच्यावर चार पानं निघणार आहेत, तुम्हीही लिहा. मी म्हटलं, माझं काय, दहावीनंतर कॉलेजात दोन वर्षं बाकं झिजवली आणि बोटीवर आलो. त्यावर तिचं उत्तर तयार होतं. बाईंचा जन्म, शिक्षण, मानसन्मान हे बाकीचे लिहिणार आहेत, तुम्ही बोटीवरचं लिहा. तुमची विद्यार्थिनी तुमच्याच वळणावर गेली आहे, समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवत नाही.

तर लिहितो. आणि तुम्ही असताना जे बोलायला माझी जीभ रेटली नाही तेच आधी लिहून टाकतो, नाहीतर इकडचं तिकडचं सांगून पुन्हा वेळ मारून नेईन. तीन हंगाम मी तुम्हाला खोट्या जागेवर नेलं. समुद्राच्या तळाशी बुडालेलं जे जंगल तुम्ही शोधत होता ते कुठे आहे हे मला ठाऊक होतं. तिथून इंजिनाने वीस मिनिटं लांब, नुसत्या वाळूवर नांगर टाकून, मी तुम्हाला पाण्यात उतरवत होतो आणि वर बसून चहा करत होतो.

हे वाचून अंकाची मंडळी मला काय म्हणायचं ते म्हणोत. तुम्ही काय म्हणाला असता ते मला माहीत आहे, कारण तुम्ही ते म्हणालातच. तिथपर्यंत येतो.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या वाडीत आलात ते बोट भाड्याने मिळेल का हे विचारायला. खाडीतला गाळ तपासायचा होता. गाळ तपासायला एवढी शिकलेली बाई येते याचंच आम्हाला हसू आलं होतं. माझा बाप पडवीत जाळं सांधत बसला होता आणि त्याच्या बुडाखाली नेहमीचा काळा ओंडका होता. आजाच्या वेळी जाळ्यात अडकून आलेला, मुळांसकट. तुम्ही बोटीचं बोलणं अर्ध्यावर सोडलंत आणि बापाला म्हणालात, "बाबा, जरा उठता का?" आमच्या पडवीत येऊन बापाला कोणी उठवलं नव्हतं. तो मुकाट्याने उठला. तुम्ही साडीचा ओचा सावरून खाली बसलात आणि ओंडक्याची मुळं बोटांनी चाचपायला लागलात, डॉक्टर पोट दाबून बघतात तशा.

हे खारफुटीचं झाड, तुम्ही म्हणालात. हे वाहत आलेलं नाही, मुळांत अजून गाळ आहे, म्हणजे हे जिथे मिळालं तिथेच उभं होतं. किती पाण्यातून आलं? बाप म्हणाला, बारा वाव. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी, हे तुम्हाला सांगावं लागलं नाही. तुम्ही मनातल्या मनात हिशेब केलात आणि तुमचा चेहराच बदलला. बारा वाव पाण्याखाली झाड उगवत नाही. म्हणजे ते उगवलं तेव्हा तिथे समुद्र नव्हता.

मग माझ्या आयेचा दगड निघाला. त्याच मुळांच्या बेचक्यात अडकलेला, बोटभर लांबीचा, एका बाजूने धारदार. आये त्याने करवंटीवरचे केस खरवडायची आणि कोयतीपेक्षा बरा म्हणायची. तुम्ही तो उन्हात धरून इतका वेळ बघितलात की आये घाबरली, तिला वाटलं सरकार जप्त करणार. आपल्या जांभ्यात असला दगड मिळत नाही, तुम्ही म्हणालात, आणि ही धार आपोआप आलेली नाही. नंतर आयेकडे बघून हसलात. "मावशी, ज्याने हा बनवला तोसुद्धा खरवडायलाच वापरत असणार. तुम्ही काही वेगळं केलं नाहीत."

दगड तुम्ही तपासायला नेलात आणि दोन महिन्यांनी परत दिलात, कारण आयेने तीनदा निरोप धाडला होता. परत देताना तुम्ही जे बोललात ते मला तेव्हा कळलं नाही. तुम्ही म्हणालात, जागा कळली नाही तर हे लाकूड म्हणजे लाकूड आणि दगड म्हणजे दगड. पाच माणसांत दाखवला तर कुठूनही आणलाय म्हणतील. तो तिथे, त्या झाडांत सापडला पाहिजे. म्हणजे मग म्हणता येईल की इथे जमीन होती आणि तिच्यावर माणूस बसला होता. तुम्हाला जागा हवी होती ती एवढ्यासाठी, आणि ती जागा आमच्या घरात ठाऊक होती.

आता आमच्या घरातली रीत सांगतो, अंक वाचणाऱ्यांसाठी. तुम्हाला ती मी न सांगताच कळली असावी. समुद्रात जागा धरायची ती किनाऱ्यावरच्या खुणांवर. दोन खुणा एकामागे एक आणायच्या, उदाहरणार्थ कळसामागे झाड, म्हणजे एक रेघ मिळते. दुसरीकडच्या दोन खुणा तशाच जुळवल्या की दुसरी रेघ. दोन रेघा कापतात तिथे जागा, आणि बोलताना आम्ही एकेका रेघेलाच खूण म्हणतो. आता बोटीबोटीवर जीपीएस आहे, पण जीपीएसमध्ये घातलेली जागा आठ दिवसांत खलाशांच्या मोबाईलमध्ये जाते आणि महिन्याभरात परक्या ट्रॉलरवर. म्हणून आमची ती जागा यंत्रात नाही. ती बापाने मुलाला सांगायची, बोटीवर, त्या जागेवर उभं राहून, तीन वेळा. जमिनीवर तोंडातून काढायची नाही. तिथे खोडांच्या आडोशाला गोबरे आणि तांबोशी राहतात. जाळं टाकलं तर फाटतं, गरीने, म्हणजे गळ टाकूनच धरावे लागतात. ज्या वर्षी बाकी सगळा समुद्र कोरडा गेला त्या वर्षी त्या जागेने आम्हाला जगवलं आहे.

आणि कोणी विचारलं तर? माझ्या आजाने एकदा सोयऱ्याला खरं सांगितलं होतं. पुढच्याच हंगामात तिथून ट्रॉलर फिरले, खोडं उपटली गेली, आणि पाच-सहा वर्षं तिथे मासा लागला नाही. पडवीतला ओंडका त्याच वेळचा असावा असा मला अलीकडे संशय आहे. तेव्हापासून घरात कायदा झाला. विचारणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, तो पाहुणा असतो. एक खूण खरी द्यायची आणि एक खोटी. बाप म्हणायचा, "नाय बोलाचा नाय. पन सगला खरा बी नाय सांगाचा."

बाप गेला त्यानंतरच्या दिवाळीला तुम्ही माणसं घेऊन आलात. पाण्यात बुडी मारणारी पाचजणं, हवेच्या टाक्या, दोऱ्या, पेट्या. बापाच्या जागी बोट आता मी चालवत होतो, म्हणून तुम्ही मला तांडेल म्हणायला सुरुवात केली होती, थोडं चिडवायला आणि थोडं खरंच. तुम्ही विचारलंत, मी खुणा सांगितल्या. एक खरी, एक खोटी. माझा आवाजसुद्धा हलला नाही.

पहिल्या दिवशी नांगर टाकल्यावर तुम्ही पिशवीतून नारळ काढलात. तुम्ही देवाधर्मातल्या नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मी बघतच राहिलो तर म्हणालात, समुद्र तुमचा आहे तांडेल, मी पाहुणी आहे. नारळ हातात धरून तुम्ही माझ्याकडे बघून विचारलंत, "इथेच ना?" मी मान हलवली. नारळ पाण्यात गेला, थोडा वेळ तरंगत राहिला. बाई, मी आयुष्यात खोटं बरंच बोललोय, बंदरावर बोलावं लागतं. पण त्या मान हलवण्याचं ओझं अजून मानेवर आहे.

बाकी ते हंगाम म्हणजे माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, हे लिहायला मला लाज वाटत नाही. तुम्हाला बोट लागायची. पाण्याखाली माशासारख्या फिरणाऱ्या बाई, आणि बोटीत बसलं की पाच मिनिटांत कठड्यावरून वाकलेल्या! खलाशी तोंड फिरवून हसायचे. तुम्ही चूळ भरून म्हणायचात, हसा, मला लवकर खाली पाठवा म्हणजे बरं वाटेल. वर आलात की ओल्या अंगाने स्टोव्हजवळ बसून आल्याचा चहा दोन कप. मग डब्यातले दडपे पोहे. माझ्या वाट्याला तुम्ही मिरची काढून ठेवायचात, कारण मला तिखट सोसत नाही हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं. आमच्या घरात अजून कोणाला ते माहीत नव्हतं, तांडेलाला तिखट सोसत नाही म्हणजे काय!

खाली काय दिसलं हे मी विचारायचो. विचारताना मला माझाच राग यायचा. तुम्ही म्हणायचात, वाळू. छान वाळू आहे. उद्या थोडं दक्षिणेला बघू.

त्या वाळूवर बसूनच तुम्ही मला तो जुना किनारा दाखवलात. म्हणालात, आपली काजळी नदी तेव्हा भाट्याच्या खाडीत संपत नव्हती. ती पुढे चालत जायची, आपण आत्ता बसलोय तिथवर आणि त्याच्याही पुढे, आणि तिच्या काठाने कांदळवन असणार, त्यात खेकडे, शिंपले, आणि ते वेचायला आलेली माणसं. मग जगभरचा बर्फ वितळत गेला आणि समुद्र वर आला. मी म्हटलं, आमचा आजा सांगायचा, तिथे गाव होतं आणि गावाने देवीला दुखावलं. तुम्ही म्हणालात, गावाने कोणाला दुखावलं नव्हतं. यावर आपलं भांडण तीन वर्षं चाललं. तुमचं म्हणणं, समुद्र रागाने येत नाही, पिढ्यान्पिढ्या हळूहळू येतो. माझं म्हणणं, हळूहळू आला तर माणसाला कळणार कसं? तुम्ही म्हणालात, तुला कळलं नाही का?

मला कळलं होतं. वाडीसमोर माझ्या लहानपणी माडांच्या दोन रांगा होत्या. आता एकच आहे, आणि तिच्यातलेही चार माड वाकलेत. पण याला कोणी समुद्र वर आला म्हणत नाही, आम्ही म्हणतो यंदा उधाण जोराचं होतं. दर वर्षी तेच म्हणतो. तुम्ही म्हणालात, तेसुद्धा हेच म्हणत असतील, यंदा उधाण जोराचं होतं. मग एका वर्षी सामान उचलून वर डोंगराच्या सड्यावर चढले असतील. त्या माणसांची मला पहिल्यांदाच कीव आली. तरी खूण तोंडातून निघाली नाही. माझ्यापुढे माझ्या धाकट्या भावाची दोन पोरं होती, नवी बोट घेऊन बसलेली, आणि बापाचा शब्द होता.

तिसऱ्या हंगामाच्या शेवटी बाहेरून मोठे साहेब आले. तुमच्या कामाला परवानगी, माणसं, सामान हे त्यांच्याकडून यायचं. माझ्या बोटीवर बसून, माझ्यासमोर, ते तुम्हाला म्हणाले की कोळ्यांच्या गप्पांवर विश्वास ठेवून तीन वर्षं घालवलीत. तुम्ही म्हणालात, गप्पा नाहीत, माझ्याकडे लाकूड आहे. ते म्हणाले, लाकूड पडवीतलं आहे. तुमचा चेहरा उतरला तो मी सुकाणूवरून बघत होतो. त्या क्षणी मी बोट वीस मिनिटं पुढे नेली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी बोट बंदराकडे वळवली.

काम बंद झालं. तुम्ही अहवाल लिहिलात आणि त्याची एक मराठी प्रत मला आणून दिलीत, कारण माझं नाव त्यात होतं. मी ती तीनदा वाचली. माझ्याबद्दल वाईट शब्द नव्हता. उलट लिहिलं होतं की स्थानिक तांडेलांनी दिलेल्या खुणा वाचताना माझ्याकडून चूक झाली असावी, त्यामुळे या अहवालावरून जागा नाही असा निष्कर्ष काढू नये. माझ्याकडून म्हणजे तुमच्याकडून. माझी लबाडी तुम्ही स्वतःच्या नावावर लिहून घेतलीत आणि खाली सही केलीत. मला तुमचा एवढा राग आला की दोन महिने मी तुमचा फोन उचलला नाही. शिव्या दिल्या असत्यात तर बरं झालं असतं.

घरी विषय काढला तर आयेने बोलू दिलं नाही. म्हणाली, बाई चांगली हाय, पन ती लिवते. लिवलेला काय झाकून ऱ्हातो? तिचं चूक नव्हतं. वर्षं गेली. तुम्ही निवृत्त झालात, बाजारात भेटायचात, मांदेली घ्यायचात, जागेचा विषय कधी काढला नाहीत. मी मात्र दर वेळी मासळीच्या पिशवीवर नको तेवढा बर्फ घालत उभा राहायचो, आता बोलू, आता बोलू म्हणत.

मग कळलं की तुम्ही आजारी आहात आणि पावसला धाकट्या भावाकडे राहायला गेलात. मी मुडदुशे घेऊन एसटीने आलो. कंडक्टरने वासावरून कुरकूर केली. तुमच्या भावाच्या बागेत हापूसला मोहोर आला होता आणि तुम्ही घरापुढच्या खळ्यात खाटेवर बसला होता, अगदी एवढ्याशा झालेल्या. मला बघून म्हणालात, आज बोट नसून मला मळमळतंय, बघ. मी हसलो नाही. भाऊ मासे घेऊन आत गेले. मी सगळं ठरवून आलो होतो, कुठून सुरुवात करायची तेसुद्धा. म्हटलं, बाई, त्या खुणा...

तुम्ही हात वर केलात. "सुरेश, जागा आहे ना? एवढंच सांग. कुठे ते नको सांगू."

मी म्हटलं, "हाय, बाई."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं तुम्ही रडताय. पण तुम्ही हसत होतात. म्हणालात, मग माझा अहवाल चुकीचा नाही, अर्धवट आहे. आणि भावाला हाक मारून म्हणालात, तांडेलांना चहा दे, आलं घालून. कधीपासून कळलं होतं तुम्हाला? दुसऱ्या वर्षापासून, की पहिल्याच दिवसापासून? नारळ हातात होता तेव्हाच? मी विचारलं नाही. माफीही मागितली नाही. चहा पिऊन पाचच्या एसटीने परत आलो, आणि त्यानंतर आपली भेट नाही.

तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी तुमच्या भावाचा फोन आला. अस्थी समुद्रात सोडायच्या होत्या, आणि बोट तुमचीच असावी असं ताईने सांगून ठेवलंय, म्हणाले. फोन ठेवून मी आयेजवळ जाऊन बसलो. तिला आता नीट दिसत नाही, पण कान शाबूत आहेत, तिने सगळं ऐकलं होतं. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "तिला तितंच ने. ती आता कोनाला सांगनार हाय?"

सकाळी निघालो. मी, तुमचे भाऊ आणि वैदेही, असे तिघेच. खलाशी घेतला नाही. समुद्र शांत होता. भाऊ बोट लागून कठड्याला वाकले, तेव्हा तुमच्या घराण्यातलंच आहे हे कळलं. खाडीचं तोंड सोडल्यावर ते म्हणाले, इथे चालेल. मी म्हटलं, अजून थोडं. आपली जुनी वाळूची जागा आली. वैदेहीने ती ओळखली, तीही त्या पाचजणांत होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी थांबलो नाही. पुढची वीस मिनिटं तिने किनाऱ्यावरून नजर काढली नाही.

जागेवर इंजिन बंद केलं. भावांनी मडक्याचं फडकं सोडलं. अस्थी गेल्या, फुलं थोडी मागे राहिली. आणि मी किनाऱ्याकडे तोंड करून दोन्ही खुणा मोठ्याने सांगितल्या. दोन्ही खऱ्या. बापाने मला सांगितल्या होत्या तशा, तीन वेळा. त्या मी इथे लिहीत नाही, हा अंक कोणाच्या हातात पडेल याचा भरवसा नाही. तुमच्या भावांना वाटलं मी मंत्र म्हणतोय, त्यांनी हात जोडले.

वैदेहीने पिशवीतून वही काढली आणि लिहून घ्यायला लागली. मी तिला थांबवलं नाही.